रिकाम्या कॅमेऱ्यापुढे

बाबा, मी कॅमेऱ्यांना नावं ठेवण्याचं काम करते. असलं काम असतं आता. नवा कॅमेरा बाजारात आला की कंपनी तो आमच्याकडे पाठवते, मी तो काही आठवडे वापरते आणि कोणी घ्यावा, कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे लिहिते. पुण्या-मुंबईचे हौशी लोक ते वाचतात आणि माझ्याशी भांडतात. मग तो कॅमेरा परत जातो, दुसरा येतो. तुम्ही असता तर हे ऐकून दोन दिवस गप्प बसला असता आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला असता, म्हंजे दुसऱ्याची म्हैस चार दिवस बांधून घ्यायची, दूध प्यायचं, आन् जातानी सांगायचं का शिंगं वाकडी हायेत. हे वाक्य मीच तुमच्या नावावर खपवते आहे. पण असंच काहीतरी म्हणाला असता एवढं नक्की.

नावं ठेवण्यावरूनच तुम्ही मला एकदा बोलला होता. मी सातवी-आठवीत असेन. मेहकरला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते आणि तिथल्या फोटोग्राफरकडे चकचकीत नवा कॅमेरा, त्यावर मोठा फ्लॅश, असं सगळं बघून आले होते. घरी येऊन मी म्हटलं, आपला कॅमेरा खटारा आहे. तुम्ही तुमचा तो दोन भिंगांचा, पेटीसारखा कॅमेरा मऊ फडक्याने पुसत होता. रागावला नाहीत. हातातलं काम संपवलं, कॅमेरा जागेवर ठेवला आणि म्हणालात, "कॅमेऱ्याले नावं नको ठेवू, पोरी. उजीड कुठून येऊन राह्यला ते पाह्य आधी." मग पुढच्या रविवारी तुम्ही मला दुपारभर स्टुडिओत बसवून ठेवलंत, खिडकीचा उजेड स्टुलावरून भिंतीवर कसा सरकतो ते पाहायला. बाहेर मैत्रिणी लंगडी खेळत होत्या. मला तुमचा इतका राग आला की संध्याकाळी मी जेवले नाही, आणि तुम्हाला ते कळलंही नाही, कारण तुम्ही अंधाऱ्या खोलीत रोल धूत होता.

परवा माझ्याकडे आलेला कॅमेरा तुमच्या तळहातात मावला असता. लेन्स एकच, ती बदलता येत नाही, झूमही नाही. जवळचं हवं तर पुढे चाला, जास्त हवं तर मागे सरका. पण आतला सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी आता जे असतं ते, मोठ्या कॅमेऱ्याएवढा. वर जुन्या पद्धतीच्या चकत्या आहेत, एकीवर शटरचा वेग, दुसरीवर उजेड कमी-जास्त करायचा, आणि लेन्सभोवती तिचं तोंड लहान-मोठं करणारी ॲपर्चरची कडी. ती फिरवली की बोटाला प्रत्येक खाच लागते. तुम्हाला ती कडी आवडली असती, तुम्ही ती उगाच फिरवत बसला असता. शटर लेन्सच्या आतच, पाकळ्यांचं, तुमच्या पेटीत होतं तसंच, पण इतकं हलकं की खोलीत पंखा चालू असेल तर ऐकू येत नाही. असल्या लहान आणि महागड्या कॅमेऱ्यांचं हौशी लोकांना वेड आहे. खिशात मावतो, फोटो मोठ्या कॅमेऱ्यासारखा येतो, आणि समोरच्याला कळतही नाही. समोरच्याला कळू नये हा आता गुण मानतात. मीही तो गुणांच्या बाजूलाच लिहिला होता.

त्याच आठवड्यात दादाचा चिखलीहून फोन आला. आईच्या किडन्या बिघडल्या होत्या. डोळे शुगरने आधीच गेल्यात जमा होते, उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते दादा फोनवर नीट बोलेना, नुसतं म्हणाला, तू ये. मी लॅपटॉप, कॅमेरा, सगळं पिशवीत टाकून आले. आई आजारी आणि ही कॅमेरा घेऊन आली, असं वहिनीला वाटलं असेल. पण हाताशी काम असलं की मला धीर येतो, आणि ही खोड तुमच्याकडूनच उचललेली आहे. दुपारी आई झोपली की मी बाहेर पडायची. बाजारात उन्हात पडलेल्या कापसाचे फोटो काढले, पांढऱ्यातलं पांढरं टिकतं का ते बघायला. टिकलं, फार सुरेख टिकलं. मेहकरच्या जुन्या देवळात आतल्या अंधारात काढले. फोटोत दाणे आले, पण नकोसे नाही वाटले. बॅटरी मात्र संध्याकाळच्या आत मान टाकते. आणि वरची एक चकती खिशात आपोआप फिरते, त्यामुळे एस.टी. स्टँडवरची माणसं सगळी कोळशासारखी काळी आली. हे सगळं मी इमानदारीने टिपून ठेवत होते. आपण भाड्याने राहायचो ते घर, पुढे स्टुडिओ आणि मागे स्वयंपाकघर, बाजाराच्या वाटेतच लागायचं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

एका सकाळी चहा पिताना आई म्हणाली, माहा एक फोटो काढ. काढते की, मी म्हटलं. तसा नाही, ती म्हणाली, बसवून. मला कळलं ती कोणत्या फोटोबद्दल बोलते आहे. तुमच्याकडेही म्हातारी माणसं यायची, एकेकटी, धुतलेलं धोतर नेसून, आणि म्हणायची, भिंतीवर लावायचा काढून ठेवा. तुम्ही त्यांना चहा पाजायचा आणि फोटो हातात देताना सांगायचा, अजून लै वर्षं पेटीतच ठेवा हा. मी मात्र विषय बदलला. पुढचे दोन-तीन दिवस बदलतच राहिले. तो फोटो काढायचा म्हणजे ती जाणार हे मी कबूल करायचं, आणि मला ते करायचं नव्हतं.

दादा म्हणाला, मोबाइलमध्ये आहेत की तिचे. आम्ही दोघांनी बसून पाहिले. नातवाच्या वाढदिवसाला केकच्या मागे अर्धा चेहरा. विहारात पाठमोरी. बाकी सगळीकडे कॅमेऱ्यासमोर आडवा धरलेला हात. उभ्या-उभ्या काढलेल्याला ती फोटो मानतच नव्हती, मी माझे एकेक कॅमेरे घेऊन आले की उठून आत जायची. आधारकार्डावर ती कोर्टात उभी केल्यासारखी दिसते. तुमच्या लग्नातला एक आहे, तुम्हाला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी काढलेला, त्यात तिची मान इतकी खाली की भांग तेवढा दिसतो. आख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाने काढलेला मात्र एकही सापडला नाही.

मला तर वाटायचं, ते शेकड्याने असतील. कारण मला आठवतं ते हेच. सकाळ आहे, मी शाळेची वेणी घालून मधल्या दारात उभी आहे. आई तव्यावरची भाकरी उतरवून, हात पदराला पुसत पुढच्या खोलीत येते आणि स्टुलावर बसते. गिऱ्हाइकं यायच्या आधी तुम्ही दिवे लावून बघताय. एक दिवा मागे नेता, एक खाली करता, खिडकीचा पडदा ओढता, पुन्हा सरकवता. मग कॅमेऱ्यात खाली मान घालून "धर" म्हणता, आणि ती श्वास धरते, कारण मंद उजेडात माणूस हलला की फोटो गेला. टक. "सोड," तुम्ही म्हणता. ती श्वास सोडते आणि उठून भाकरीकडे जाते. चौदा एप्रिलच्या आधी ती मुद्दाम पांढरी साडी नेसून बसायची. त्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं पांढऱ्यात येणार, आणि फोटोत पांढरं जळता कामा नये. दुपारी तीच बाई पिठाच्या परातीत तुमचे फोटो धुवायची. फोटो पक्का करायचं ते हायपो नावाचं औषध, त्याचा वास जाईपर्यंत पाणी बदलत राहायची, आणि मग स्वयंपाकघरातल्या दोरीला चिमटे लावून टांगायची. लोकांच्या नवऱ्या आणि नवरदेव आपल्या फोडणीच्या धुरात वाळायचे.

शेवटी मी तिला खिडकीशी बसवलं. वहिनीने केस विंचरून दिले, पदर नीट केला. मी खुर्ची तिरपी केली, मागे साधी चादर लावली. ह्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. समोरच्या माणसाचा डोळा तो स्वतः शोधतो आणि त्यावर एक लहान चौकोन लावतो, माणूस हलला तरी चौकोन डोळ्याला सोडत नाही. धावत्या पोरांवर, सायकलवाल्यांवर मी ते तपासून पाहिलं होतं. आईच्या डोळ्यावर तो क्षणात बसला, हिरवा, घट्ट. त्या डोळ्याला मी दिसत नव्हते. खिडकी तेवढी पांढरी दिसत असेल. कॅमेऱ्याला त्याचं काही नव्हतं. मी काढत गेले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, उजेड थोडा कमी केला, पुन्हा काढले. मग माझ्या लक्षात आलं की तिचा चेहरा तांबडा झालाय आणि गळ्याच्या शिरा ताठल्यात. ती श्वास धरून बसली होती. शटरचा आवाज तिला आला नव्हता, आणि मी सोड म्हणालेच नव्हते.

"आई, सोड, सोड," मी ओरडले. तिने श्वास सोडला, खोकली, पाणी मागितलं. घोटभर प्यायल्यावर म्हणाली, "तूबी रिकामाच दाबून राह्यली का, तुह्या बाबासारखा?"

मला आधी उमजलंच नाही. मग तिने सांगितलं, अगदी सहज, काल भाजी कोणती केली होती ते सांगावं तसं. सकाळच्या त्या टकटकीला कॅमेऱ्यात फिल्म नसायची. दिवे बघायला फिल्म कशाला? लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिला ते माहीत झालं होतं. इतकी वर्षं ती रोज बसली, रोज श्वास धरला, आणि एकदाही आत फिल्म नव्हती.

मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज सुरू केला. खोटा आवाज असतो त्यात, बारक्या स्पीकरमधून टक असं वाजतं. आम्ही परीक्षक लोक त्याची टर उडवतो. आता ऐक, म्हणून मी बटण दाबलं. आई म्हणाली, "आवाज तं त्याइच्याबी कॅमेऱ्याले होता." दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन प्रिंट काढून आणली आणि तिच्या हातात दिली. तिने कागद अंगठ्याने चोळून पाहिला, नाकाला लावला, हायपोचा वास नाही म्हणाली. वहिनीला विचारलं, मीच हाय का? वहिनी म्हणाली, हाव, तुमीच, आन् किती चांगला आला. आईने मान हलवली आणि प्रिंट उशीखाली सरकवली. तिला पटलं की नाही ते मला समजलं नाही.

बाबा, मला तुमचा राग आला. गेलेल्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. दादाकडे तुमची ट्रंक आहे, ती मी उघडून बसले. निगेटिव्हच्या पाकिटांवर तुमच्या अक्षरात गावांची नावं, अमडापूर, उंद्री, मेरा. लग्नं, बारशी, निवडून आलेले मेंबर, खुर्चीत बसवून काढलेली मेलेली माणसं. अमडापूरच्या कुणाच्या तरी बैलाचे तीन आहेत. बैलाचे, बाबा. रोल संपत आला आणि गिऱ्हाईक नसलं की उरलेला एखादा फोटो तुम्ही रस्त्यावरच्या खांबाचा काढून टाकायचा, म्हणजे रोल धुवायला घेता येईल. मी शेजारी उभी राहून पाहिलेलं आहे. ती मागे परातीत हात घालून बसलेली असायची, हाक मारली असती तर आली असती. तुम्हाला खांब दिसला.

हे सगळं मी आईला बोलून दाखवलं. ट्रंकेतलं सांगितलं, बैलाचं सांगितलं, खांबाचं सांगितलं. वाटलं होतं ती तुमची बाजू घेईल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, मी कदी म्हनलीच नाही काढा म्हनून.

"काऊन?" पुण्यातली इतकी वर्षं बाजूला पडली आणि माझ्या तोंडून तेच निघालं.

ती पांघरुणाची कड बोटांनी सरळ करत होती. मग म्हणाली, "दिवसभर त्याइले माह्याकडे पाह्याले येळ कुठी होता? सकाळी तेवढा येळ पाहेत. निरखून पाहेत. फिलम टाकली असती तं एकडाव पाह्यलं असतं, आन् झालं असतं काम. मंग रोज कोनं बसवलं असतं मले?"

आणि थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, तू दाबते आन् खाली यंत्रात पाहते, मले समजते. डोळ्यांनी दिसत नसलेल्या बाईला हे कसं समजत होतं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. खरं होतं ते. मी तिच्यापेक्षा पडद्यावरच्या तिला जास्त पाहत होते.

त्यानंतर मी तिला रोज सकाळी खिडकीशी बसवायला लागले. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा बंद करून टाकला, नुसती वरच्या, आरपार बघायच्या काचेला डोळा लावून बसायची. धर म्हणायची, सोड म्हणायची. पहिले काही दिवस कार्ड, म्हणजे फोटो ज्यावर साठतात ते, आत होतं, आणि कार्ड आत असलं की माझं चित्त फोटोत. पदर असा हवा, हनुवटी तशी हवी. आई थकत चालली होती, बसणं कमी कमी होत होतं. मग एका सकाळी मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ह्या कॅमेऱ्यात दुकानदारांसाठी एक सेटिंग असतं, कार्ड नसलं तरी बटण दाबता येतं, गिऱ्हाइकाला दाखवायला. मी आईला सांगितलं, आज रिकामा आहे. तिने तोंड माझ्याकडे वळवलं. म्हणाली, "मंग नीट पाह्य."

मी पाहिलं, बाबा. ती बोलत होती आणि मी पाहत होते. म्हणाली, तुम्ही दिवे लावून झाले की तिचा पदर सारखा करायला जवळ यायचा, हायपोने पिवळी पडलेली बोटं, आणि नीट असलेला पदर बिघडवून जायचा. मग ती तो परत नीट करायची, तुम्ही परत यायचा. नव्या नवरीला वाटायचं, ह्या माणसाला पदरातलं काही कळत नाही. सहा महिन्यांनी कळलं की ह्याला सगळं कळतं. हे सांगताना ती हसली. तोंडावर हात न घेता, दात नसलेली बाजू दिसेल ही लाज न बाळगता, खांदे हलेपर्यंत हसली. मी बटण दाबत राहिले. हिरवा चौकोन तिच्या डोळ्यावरून हलला नाही. श्वास धरायचं, सोडायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं.

दोन दिवसांनी तिला बुलढाण्याला दवाखान्यात हलवलं. तिथून ती परत आली नाही.

कॅमेरा परत गेला, परीक्षणही छापून आलं. हौशी माणसाने जरूर घ्यावा असं मी लिहिलं. जादा बॅटरी बाळगा, खिशातून काढल्यावर चकती बघत जा, झूम हवा असेल तर ह्याच्या नादी लागू नका. समोरच्याला कळत नाही हे वाक्य मी गुणांतून काढून टाकलं, आणि दोषांतही घातलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर आईचा फोटो लागला, त्या पहिल्या बैठकीचा. पांढरा पदर जळलेला नाही, डोळा अगदी स्पष्ट आहे, तुम्हीही त्यात खोट काढली नसती. लोक म्हणाले, समोर बसल्यासारखी वाटते. मला तिच्या गळ्याच्या ताठलेल्या शिरा दिसतात. दादा म्हणाला, एवढे दिवस रोज कॅमेरा घेऊन बसत होतीस, हसरा एकही कसा नाही? मी म्हटलं, ती हसलीच नाही रे.

हे मी त्या परीक्षणाच्याच फाइलमध्ये खाली लिहिते आहे, आणि लिहून झालं की ते इथेच राहील. दादाला दाखवणार नाही. तुमच्यावरचा राग अर्धा उतरला आहे, अर्धा त्या बैलापाशी अडलाय. आईने सांगितलेलं मला पटतं. त्या सकाळी मी तिला जितकं पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं, हेही खरं आहे. पण आता तिचा आवाज आठवतो, खांदे आठवतात, आणि हसतानाचा चेहरा डोळ्यांपुढे आणू गेले की भिंतीवरचाच येतो. कार्ड टेबलावर होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. घालायला हवं होतं, बाबा. मला रोज वाटतं.